तीन मुलग्यांची गौर

"आले गे आले!" शेजारची सगुणाकाकी अंगणातून ओरडली, तशी दर्शना पिठाचे हात पदराला पुसत अंगणाच्या कडेला धावली.

खाली वहाळाकडून, ओढ्याकाठच्या शेताच्या बांधावरून तिचे तीन मुलगे येत होते. पुढे सगुणाकाकीची नात वेदिका थाळी वाजवत. मागे थोरला गुरुप्रसाद, दोन्ही हातांत सूप, सुपात तेरड्याची गौर. त्याच्या बाजूला सागर, गौरीवर छत्री धरून. सगळ्यात मागे पहिलीतला लवू, हातात काहीच नाही. "मी पण, मी पण" करून त्याने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून दर्शनाने त्याला नुसती चूळ धरून चालायला सांगितलं होतं.

सगळी गोम त्या चुळीतच होती. वाडीची रीत अशी, की गौर मुक्याने आणायची. वहाळावर तोंडात पाणी भरायचं आणि उंबऱ्यापर्यंत तसंच धरायचं, म्हणजे बोलायची सोयच नको. तोंडातून आवाज निघाला की गौर रुसली, चला परत वहाळावर. आणि हे कोणी करायचं? जी पोरं झोपेतसुद्धा एकमेकांशी भांडतात त्यांनी!

दरवर्षी नणंद राजश्री माहेरपणाला येऊन गौर आणायची. यंदा ती बाळंतीण. घरच्या सुनेनं गौर दारात घ्यायची असते, आणायची नसते. नवरा दीपक गणपती बसवून लोट्याच्या कारखान्यात ड्युटीवर गेलेला. काल सगुणाकाकी चार बायांदेखत म्हणाली होती, "तीन-तीन मुलगे गे तुला, पण गौर आणायला एक पोरगी नाय. माझ्या वेदिकाला पाठवते." बोलण्यात वाकडं काही नव्हतं, नुसती कीव होती. ती कीवच दर्शनाला झोंबली. "नको काकी. वेदिका थाळी वाजवू दे, गौर माझे मुलगे आणतील," ती बोलून गेली. आज फजिती झाली, तर ती कीव जन्माची तिच्या कपाळी बसणार होती.

"बघ, बांधावर खेकडा हाय वाटतं," सगुणाकाकीने वरूनच ओळखलं. "आता तुझा सागर बोंबलतोय."

सागर खरंच थबकला. मान वाकडी करून त्याने खेकड्याकडे बघितलं. हात शिवशिवले असणार. पण छत्री काही हलली नाही आणि सागर पुढे निघाला.

मग पाखाडी लागली. जांभ्याच्या पायऱ्या, त्यांवर भाद्रपदातलं शेवाळ. अर्ध्यावर लवूचा पाय सटकला आणि तो गुडघ्यावर असा आपटला, की आवाज वर अंगणात आला.

"अगो बाय!" बाया कळवळल्या. वेदिकाची थाळी थांबली. दर्शना पायऱ्यांकडे झेपावली, तर सगुणाकाकीने तिचा दंड धरला.

"तू अंगण सोडू नको. गौर वाटेवर हाय. मी बघते त्याला."

बघायची वेळच आली नाही. गुरुप्रसाद मागे वळला. हातातलं सूप खाली ठेवता येईना. त्याने सागरकडे नुसतं बघितलं. या दोघांचं जन्मात कशावर एकमत झाल्याचं दर्शनाला आठवत नव्हतं. कालच एका आंबोळीवरून रण पेटलं होतं. पण सागर गुपचूप पाठ वाकवून खाली बसला. लवूने छत्री घेतली आणि तो पाठीवर चढला. तिथून हात लांब करून त्याने छत्री पुन्हा गौरीवर धरली. थाळी वाजायला लागली. लवूच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण गाल टम्म फुगलेले. अंगणातल्या बायाही गप्प झाल्या होत्या. त्यांनी तर चूळ धरलेली नव्हती.

दर्शनाने उंबऱ्याशी गुरुप्रसादच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सूप हातात घेतलं. गौर गणपतीशेजारी पाटावर बसली.

"टाका रे आता चूळ," ती म्हणाली.

गुरुप्रसादने पागोळीखाली चूळ टाकली. सागरने टाकली. लवूने तोंड उघडलं, तर आत पाण्याचा थेंब नाही.

"तुझी चूळ कुटं गेली रे?" सगुणाकाकी हळदीची वाटी घेऊन त्याच्या गुडघ्याशी बसली होती.

"पडलो तेव्हाच गिळली."

"मग एवढी पाखाडी गाल फुगवून कशाला आलास?"

"तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं मोठ्यानं," लवू म्हणाला. "मग दादाला परत खाली जायला लागलं असतं."

सगुणाकाकीची हळदीची बोटं तशीच राहिली. दर्शनाची छाती अभिमानाने भरून आली. पाखाडीवर उभं राहून साऱ्या वाडीला ओरडून सांगावं, बघा, ही माझी पोरं, असं तिला झालं. तिने लवूला उचलून कडेवर घेतलं. आईच्या खांद्यात तोंड खुपसल्यावर मात्र त्याने जे भोकाड पसरलं, ते काही थांबेना.

"गप रे बाबा, सणाच्या दिवशी रडू नये," कोणीतरी म्हणालं.

"त्याला गप करू नका गे," सगुणाकाकी पदराने डोळे पुसत म्हणाली. "मगासपासून धरून ठेवलंन. हक्काचं रडणं हाय त्याचं."