अडाण्याचा ओरखडा

डेलच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर दोन नवी पिस्तुलं ठेवली होती. घडण एकच, शंभर वर्षांपूर्वीची. किंमतही दोन्हींची नऊशे डॉलरच्या आसपास. एक काळं, एक चंदेरी.

माझ्या बायकोनं, वनेटानं, काळं उचललं. "हे कसं हातात बसतंय बघ."

बसणारच. तिचा पहिला नवरा हॅरलन, त्याचं अगदी असंच होतं. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण त्याचं पिस्तूल अजून आमच्या कपाटात, माझ्या शर्टांच्या वरच्या फळीवर आहे.

"चंदेरीच घेऊ," मी म्हणालो. "काळ्यावर ओरखडे फार दिसतात. हॅरलनच्यावर आहे ना, तसा."

डेल हसला. पिस्तूल साफ करून परत जोडताना पिन घाईनं दामटली, की बाजूला कमानीसारखा ओरखडा उठतो. आमच्या टेक्ससमध्ये त्याला अडाण्याचा ओरखडा म्हणतात.

"म्हणे गावातला पहिल्या नंबरचा नेमबाज! आणि साधी पिन बसवता येईना." लग्नाला चार वर्षं झाली, हे मी किती वेळा बोललो असेन, देव जाणे.

वनेटानं काळं पिस्तूल खाली ठेवलं.

"तो ओरखडा माझा आहे, वेस. नवीकोरी वस्तू होती त्याची, मी हौसेनं जोडायला गेले."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्यानं बोलू दिलं नाही. लोक हसले की माझ्याआधी तोच म्हणायचा, 'मीच पाडला.'"