चिलखताचं माप

“हिचं पोट कुठे आहे?” प्रकाशकांनी विचारलं.

“आत आहे,” अप्पा म्हणाले.

प्रकाशकांना हसू आलं नाही. टेबलावर मुखपृष्ठाचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. तलवार उपसलेली, पाय रोवून उभी असलेली बाई, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पोलादात बंद. चित्रकार अप्पा समोरच्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

प्रकाशकांच्या रणरागिणी-मालिकेतल्या कादंबऱ्यांची सगळी मुखपृष्ठं अप्पांचीच. त्यांची रणरागिणी अजगरांशी लढली, राक्षसांशी लढली, एकदा तर भर बर्फात लढली, आणि सगळीकडे अंगावर पत्र्याच्या दोन चिंध्या. पोट कायम उघडं. शत्रूचे बाणही मोठे सभ्य. ढालीवर लागत, मनगटावरच्या कड्यावर लागत, पण उघड्या जागेकडे चुकूनसुद्धा फिरकत नसत. पोट दिसलं की पुस्तक उचललं जातं, असं प्रकाशक म्हणायचे आणि अप्पा मान डोलवायचे.

चेहरा मात्र लेकीचा होता. कॉलेजात असताना ती त्यांच्यासाठी तासन्‌तास उभी राहायची. जाड स्वेटर घालून, हातात पडद्याचा दांडा धरून, मध्येच खुदकन हसून बोलणी खात. अप्पांनी तिचा चेहरा घेतला, खांदे घेतले आणि स्वेटर काढून टाकला. कागदावरच, पण काढून टाकला. पुस्तक गावभर दुकानांच्या काचेत लागलं. त्या संध्याकाळी लेक दारातच थांबून म्हणाली, “अप्पा, तोंड माझं घेतलंत, मग स्वेटर का नाही ठेवलात?”

“अगं, चित्र आहे ते. त्यात काय एवढं?” अप्पा म्हणाले होते.

त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. नोकरीला म्हणून दूरच्या शहरात गेली, तिकडेच लग्न केलं. पुढच्या सगळ्या मुखपृष्ठांवर अप्पांनी ती आठवणीतून काढली. दरवेळी अंदाजाने थोडी मोठी केली. आता डोळ्यांपाशी रेघ आली असेल का, असा विचार करत ब्रश हातात धरून बसून राहायचे. पोट तेवढं उघडंच राहिलं, कारण घर त्याच्यावर चालत होतं.

आईला मात्र ती फोन करायची. बायको स्वयंपाकघरात बोलायची आणि शेजारच्या खोलीत अप्पांचा सगळा जीव कानांत गोळा व्हायचा. ऐकू यायची ती बायकोचीच बाजू. “जड काही उचलू नकोस गं. डाव्या कुशीवर झोपत जा. गोळ्या घेतेस ना वेळेवर?” मग आवाज हळू व्हायचा. “अप्पांना देऊ?” आणि जरा वेळाने, “बरं, राहू दे.” बायकोला काही विचारायचं धैर्य अप्पांना कधी झालं नाही. लेकीची खूप आठवण येते, एवढंसुद्धा त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं.

या वेळचं चिलखत त्यांनी आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचं केलं आणि स्वतःच्या अंगावर चढवलं. वाकून पाहिलं, बसून पाहिलं. बंद पाठीवर ठेवले तर बांधायला दुसरं माणूस लागतं. नवरा कामावर गेला की तिच्याजवळ तिथे कोण असणार? म्हणून पट्टे कडेला घेतले, बकलं लावली, तिचे तिला आवळता येतील अशी. खोलीच्या मधोमध पुठ्ठ्यात अडकलेला नवरा पाहून बायको म्हणाली, “आता या वयात कुणावर स्वारी?”

“आणि हा पत्रा पोटावर असा पुढे का आलाय?” प्रकाशक चित्राजवळ वाकले. “अप्पा, तुमचा हात कधीपासून बिघडला?”

“हात ठीक आहे. माप बरोबर आहे ते.”

“हे बघा, मालिकेतलं शेवटचं पुस्तक आहे. फार नाही, वीतभर उघडा. नाहीतर मला दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल.”

आजवर त्यांनी वीतभर मागितलं की अप्पा हातभर देत आले होते. दुसरं काम हातात नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. अप्पांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“घ्या करून,” ते म्हणाले आणि चित्र काखेला मारून निघाले.

घरी आल्यावर त्यांनी चित्र भिंतीला टेकवलं आणि बूटही न काढता समोर बसले. बायको ओले हात पुसत बाहेर आली. तिने चेहरा पाहिला. मग चष्मा लावून पोटावरचा पत्रा पाहिला, पुन्हा चेहरा पाहिला.

“अहो,” ती म्हणाली. तिने मोबाइल काढून चित्राचा फोटो घेतला. पहिला हलला म्हणून दुसरा घेतला.

“कुणाला पाठवतेस?”

“गप्प बसा जरा.”

चहा करायचं कुणालाच सुचलं नाही. मग फोन वाजला. बायको या वेळी स्वयंपाकघरात गेली नाही. तिने फोन तसाच अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी तो कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास, जरासा धापलेला. मग तिने नाक ओढलं.

“अप्पा,” लेक म्हणाली, “पट्टा अजून दोन भोकं सैल करा. आठवा लागलाय मला.”