तळाचा बांध

रत्नागिरीहून समुद्राचा तळ मापायला निघालेल्या बोटीवर भागोजी स्वयंपाकी होता. शेताच्या बांधावरून भाऊबंदांशी भांडण्यात त्याची हयात गेली होती.

खोली मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर तळाचा गाळ बांधांसारखा ओळीने उमटत होता. मोजणीचे साहेब म्हणाले, "खालचा प्रवाह गाळ एका अंगाने कोरतो, दुसऱ्या अंगाला चढवतो. हजारो वर्षांत अख्खा बांध सरकतो."

"म्हंजे बांध कोरतोय!" भागोजी तडकला आणि कठड्यावरून ओणवून ओरडला, "कोण रे तो? मागे घे मेल्या!"

सगळे पोट धरून हसले. बोट वळून पुन्हा तिथेच आली, तेव्हा कागदावर बांध मागे गेला होता.

"घाबरला!" भागोजी खूश झाला.

पुढच्या फेरीला गाळातून एक उंचवटा उठला होता. भाऊबंद घरावर चालून येतात तसा तो सरळ बोटीच्या दिशेने वर येत होता.