तक्रारी शून्य

साहेब, हे यंत्र तुम्ही डोळे झाकून पास केलंत, आणि वर तोंड करून सांगता की एकही तक्रार नाही.

हृदयाचे ठोके सांभाळणारं हे नवं यंत्र चाचणीसाठी आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांच्या छातीत बसवलं. "साहेबांची परवानगी आहे, घाबरता काय," म्हणत काकूंनीच त्यांना राजी केलं होतं. चौथ्या महिन्यात यंत्र बंद पडलं आणि काका शिलाई मशीनवरच कोसळले.

चाचणीची निळी फाईल घेऊन काकू मंजुरीच्या कार्यालयात गेल्या, तर कारकून म्हणाला, "मावशी, तक्रारीवर पेशंटचीच सही लागते."

"अरे बाबा, पेशंट गेला म्हणून तर आलेय."

"मग ते चाचणी मध्येच सोडून गेले, असं धरतात. हा बघा अहवाल. बारा जणांना बसवलं, नऊ ठणठणीत, तक्रारी शून्य."

"आणि उरलेले तिघे?"

"सांगितलं ना, सोडून गेले."

काकूंनी मागं पाहिलं. बाकावर तशीच निळी फाईल मांडीवर घेऊन दोघीजणी बसल्या होत्या. काकूंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि साहेबांच्या बंद दारावर थाप मारली.



"साहेब, तिघांच्या बायका आल्यात. आमची माणसं सोडून कुठं गेली, ते बाहेर येऊन सांगा."