बैलाची रेघ

अव्वांनी बैल पुसला होता.

पुसला तोही चांगला चोळून, ओल्या फडक्याने, आणि वर कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढून ठेवली होती. रुद्राणीने देवाच्या देवळीतून तो पारदर्शक ताव उचलून खिडकीकडे धरला. बैलाचा मातकट रंग जागच्या जागी होता, पण वशिंड कुठे संपतं आणि पाठ कुठे सुरू होते हे सांगणारी काळी रेघ गेली होती. डोळाही गेला होता. उरला होता बैलाच्या मापाचा एक डाग.

"धूळ बसलीती," सासूबाई दारातून म्हणाल्या. अख्खं घर त्यांना अव्वाच म्हणे. "सोमवार हाय आज. नंदी पुसू न्हाई तर काय करू?"

"अव्वा, तो नंदी नव्हता हो!"

"मग देवळीत कशाला ठिवलास?"

घरात कुणी उगाच हात लावत नाही अशी जागा तेवढी एकच, म्हणून रुद्राणीनेच तो तिथे ठेवला होता.

चित्र एका जुन्या, अर्धवट राहिलेल्या कार्टून सिनेमातलं. त्या काळी असे प्लास्टिकचे ताव हाताने रंगवत. पुढून शाईची रेघ, मागून रंग. त्या सिनेमाचा एवढा एकच ताव शिल्लक होता आणि पुण्याच्या मनिषा मॅडमनी तो नमुना म्हणून निलंग्याला पाठवला होता. रुद्राणीने हाच बैल कॉम्प्युटरवर चालवायचा, पण बघणाऱ्याला तो जुन्या हाताचाच वाटला पाहिजे. रुद्राणीने रंगात डाग घातले, धूळ घातली, तावाची बारीक सावलीसुद्धा घातली. मॅडमचं दर वेळी एकच. "रेघ फार शहाणी आहे गं. नको तितकी नीट."

आज दुपारी त्या शेवटचं बघणार होत्या. नाही जमलं तर काम दुसऱ्याला. मग निलंग्यात बसून असली कामं होत नसतात, हे म्हणायला सगळा गाव मोकळा.

नशीब, ताव आला त्याच दिवशी तिने तो स्कॅन करून ठेवला होता. तिने टॅबलेट आडवा ठेवला, त्यावर स्कॅनमधला जुना बैल मापात लावला, वर ताव ठेवला आणि टाक शाईत बुडवला. मॅडमना खरं काय ते ती सांगणारच होती, पण बैल आंधळा कसा परत करायचा? हात लटलट कापत होता.

"कोपरा धरा हो जरा."

अव्वांनी दोन्ही हातांनी ताव दाबून धरला. आपलं काहीतरी चुकलंय हे त्यांना एव्हाना कळलं होतं. श्वाससुद्धा त्या जपून घेत होत्या. रेघ वशिंडावर चढता चढता डगमगली, पोटाखाली जाड झाली, शेपटीशी तर तुटलीच. शेवटी कसाबसा डोळा झाला.

शाई वाळते न वाळते तोच मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. कॉम्प्युटरवरचा बैल त्यांनी दोनदा चालवून बघितला आणि मान हलवली. "तेच गं. तो ताव आण बरं समोर. तुला दाखवते."

रुद्राणीने ताव कॅमेऱ्यापुढे धरला.

"ही बघ रेघ! वशिंडावर कशी भीत भीत चढते. जीव आहे तिच्यात. असले हात गेले आता."

रुद्राणीने ताव हळूच खाली घेतला.

"कुठं गेले? हे काय, हितं हायत," अव्वा मागून बोलल्या. "बैल म्या पुसला. हिनं आत्ता काढला परत."

मॅडम पडद्याजवळ सरकल्या.

"मॅडम, चूक माझी आहे. मीच तो..."

"थांब." मॅडमनी चष्मा काढला. "ताव गेला याचं मला फार वाईट वाटतंय. त्याचं नंतर बोलू. उद्या सकाळपर्यंत बैलाची सगळी चाल याच हाताने काढून पाठव. रेघ अशीच आली तर काम तुझं."

फोन बंद झाला. रुद्राणीला हसू आलं आणि रडूही. लगेच ती टॅबलेट घेऊन बसली आणि वशिंडाची रेघ ओढली. सरळ, गुळगुळीत, नीटस आली. पुसून पुन्हा ओढली. पुन्हा तशीच. हात आता कापतच नव्हता.

"अव्वा, ही परत शहाणीच आली," ती रडवेली होऊन म्हणाली. "आता काय करू?"

अव्वांनी थोडा विचार केला. मग आत जाऊन फडकं भिजवून, पिळून आणलं आणि तावाकडे हात केला.

"पुसू का परत?"