बद्द की खणखणीत

"काकू, हात मांडीखाली घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कपबशीवाल्या काकूंनी दोन्ही हात मुकाट्याने मांडीखाली घेतले. एरवी काकू कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण मागच्या खेपेला याच हातांनी घात केला होता, आणि ते दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

काकूंचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक कप त्या कानाशी धरत आणि पेन्सिलीने हलकेच वाजवत. खणखणीत वाजला तर पुड्यात, बद्द वाजला तर बाजूला. केसाएवढी चीरही त्यांच्या कानातून सुटत नसे. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की लेकीच्या सासरी गेल्या तरी चहा घेण्याआधी त्या कप वाजवून बघत आणि लेक बिचारी मान खाली घालून बसे.

तेव्हा पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी खालच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले, त्यावर पुढे कवळी पक्की बसणार होती, तर काकूंना चैन कुठलं? हाड स्क्रूंना धरतंय की नाही हे बघायला रोज सकाळी आरशापुढे उभं राहायचं आणि पेन्सिलीने वाजवायचं. हाड धरू बघतंय आणि ह्या हलवतायत. रोप रुजलं का ते रोज उपटून बघण्यातला प्रकार. दोन्ही स्क्रू ढिले होऊन निघाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना असं काही फैलावर घेतलं, की शेजारच्या खुर्चीतला पेशंटही ताठ बसला.

या खेपेला त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. दात गेले आणि चावायचं काम थांबलं, की जबड्याचं हाड झिजत जातं. काकूंचं इतकं झिजलं होतं की कवळीला टेकायला जागाच राहिली नव्हती. ती तोंडात नुसती तरंगायची. एकदा भाव सांगता सांगता ती गिऱ्हाइकासमोर गल्ल्यावर पडली. त्या दिवसापासून काकू आतल्या अंगाला बसून पुडे बांधत होत्या, आणि बाहेर काका चिरा गेलेले कप हसतमुखाने खपवत होते. आता हाडाची भर घालून पुन्हा स्क्रू बसवू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रक्तातली साखर ताब्यात ठेवा, आणि वरून हिरडी शिवून टाकते म्हणजे तुमची पेन्सिल पोचायची नाही. तिसरी खेप मात्र नाही. तेवढं हाडच उरणार नाही.

म्हणजे आज बद्द वाजलं, की जन्मभर सगळं कुस्करून चमच्याने, आणि दुकानात कायमचं आतल्या अंगाला. थोरल्या जाऊबाईंनी तर सल्ला देऊनही टाकला होता, या वयात दात काय करायचेत, मऊ खावं, गोड बोलावं. मऊ खाणं काकूंनी एक वेळ सोसलं असतं. गोड बोलणं त्यांच्याने होणारं नव्हतं.

काही महिन्यांपूर्वी शिवलेली हिरडी डॉक्टरीणबाईंनी आज उघडली होती. त्यांनी तोंडात घालायचा छोटा आरसा उचलला आणि दांड्याकडून फिरवून धरला.

"आता मी वाजवणार. बद्द आवाज आला, तर खोटं सांगणार नाही."

काकूंनी डोळे घट्ट मिटले.

पहिला ठोका पडला. हिरडी बधिर होती, ओठ कुणाचा तरी उसना आणल्यासारखा लोंबत होता. पण आवाज हिरडीतून आलाच नाही. तो हाडातून चढत थेट कानात आला. खणखणीत.

काकू हलल्या नाहीत. एक कप वाजला म्हणून अख्खी पेटी उतरवून घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. डावीकडचा स्क्रू अजून बाकी होता आणि हाड सगळ्यात कमी तिथंच होतं.

दुसरा ठोका. खणखणीत.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा वाजवून पाहिलं, मग दोन्ही स्क्रू हत्याराने हलवायचा प्रयत्न केला. तसूभर हलले नाहीत. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"धरलं, काकू. तुमच्या हाडानं घट्ट धरलं."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायला हात मांडीखालून काढावे लागले. दुकान उघडलं त्या दिवशीही त्यांना इतका आनंद झाला नव्हता. मग हात मोकळे झालेच आहेत म्हटल्यावर त्यांनी एक हात आरशासाठी पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला, एकदाच म्हणून बजावलं आणि आरसा दिला.

काकूंनी एकदाच वाजवलं. मग आणखी एकदा. मग लोंबत्या ओठानेच त्यांनी काकांना अशी हाक मारली, की बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांच्या माना वळल्या.

काका समजूत घालायच्या तयारीनेच आत आले. चेहरा पडलेला, खिशातला रुमाल आधीच हातात. काकूंनी त्यांना काही विचारू दिलं नाही. जवळ ओढलं, आ वासला आणि वाजवून दाखवलं. काका वाकले, कान पुढे केला, भुवया आवळून ऐकत राहिले.

"मला नुसती टकटक ऐकू येतेय," ते चाचरत म्हणाले.

"तुम्हाला तेवढीच येणार," काकू म्हणाल्या. "हाड माझं आहे."