काल्याचं पाणी

ओढ्यावरून आणलेली घागर वत्सलाकाकूंनी काल्याच्या दह्यावर कलती केली, तसे गहिनीच्या हातातले टाळ थांबले. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्यात ओढ्याचंच पाणी घालायची गावाची रीत.

सकाळी फवारणीचा पंप त्याने बांधावर धुतला होता, नेहमीसारखाच. पण बांधाखालचं वाळ्याचं दाट गवत त्यानेच उन्हाळ्यात उपटलं होतं, कांद्याचे चार वाफे वाढावेत म्हणून. पांढरं धुवण अडवायला आता काहीच नव्हतं. ते सरळ ओढ्यात उतरताना त्याने पाहिलं, आणि कीर्तन चुकेल म्हणून तसाच निघून आला.

“काकू, नका ओतू!”

बुवांचा अभंग मध्येच तुटला.

“काय रे गहिनी, एकट्याला खायचाय का काला?” मागून कुणीतरी म्हणालं. मंडप हसला.

“माझ्या पंपाचं औषध उतरलंय त्यात.”

हसू विझलं. पुढे बसलेल्या पोरांचे पसरलेले हात आयांनी मागे ओढले. काकूंनी आपले ओले हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले.

बुवा मात्र रागावले नाहीत. “बोललास, बरं केलंस बाबा. जा, लांब ओतून ये. आम्ही थांबतो.”

रागावले असते तर बरं झालं असतं.

गहिनी घागर घेऊन निघाला. आडाजवळ थबकला, पुढे गेला. गुरांच्या वाटेवर थबकला, पुढे गेला. मागे सगळं गाव त्याच्यासाठी थांबलं होतं, आणि घागरभर पाणी कुठे ओतावं, हे त्याला कळत नव्हतं.